मामाच्या नावावरचा दमा

मे महिन्यात हा माणूस कधीच आजारी पडत नव्हता. मला खटकलं ते एवढंच. हैदराबादेत हिमायतनगरच्या आमच्या ऑफिसात एसीच्या गार झोताखाली शाल गुंडाळून मी बसले होते, दुपारचा डबा नुकताच पोटात उतरला होता, आणि समोरच्या पडद्यावर एका कामगाराची औषधं वरून खाली सरकत होती. नाव नव्हतं. नाव आमच्यापर्यंत पोचूच देत नाहीत. कामगार विमा योजनेकडून आमच्याकडे जे कागद येतात त्यांच्यावर नावाच्या जागी काळी पट्टी असते, विम्याच्या नंबराऐवजी दुसराच एक लांबलचक नंबर असतो, आणि मग उरतं काय, तर पुरुष की बाई, जन्माचं साल, दवाखाना कुठल्या भागातला, आणि औषधं. माझं काम ही औषधं साफ करायचं. जुन्या डॉक्टरांनी कागदावर खरडलेलं कुणीतरी घाईघाईने टाइप केलेलं असतं, एकच औषध नाना तऱ्हांनी लिहिलेलं असतं, ते मी एका नावाखाली आणते. आमची आई शेजारणींना सांगते, रेणुका कंप्युटरवर गोळ्या निवडते. तांदूळ निवडतात तसं. मला हे वर्णन मनापासून आवडतं, कारण आमच्या ऑफिसात कुणालाच आपलं काम इतक्या कमी शब्दांत सांगता येत नाही.

तर हा माणूस भरपाई मागत होता. गारगोटी दळायच्या कारखान्यात बारा वर्षं काम केलं, तो चुरा छातीत बसला, फुप्फुसं कडक झाली, तेव्हा हा आजार मला कामाने दिला असं मान्य करा, असं त्याचं म्हणणं. मान्य झालं तर जन्मभराचं पेन्शन आणि औषधपाणी. नाही तर त्याचं त्याने बघावं. अशा अर्जांवर हल्ली आधी एक प्रोग्राम नजर फिरवतो. माणसाने आयुष्यात घेतलेली सगळी औषधं तो क्षणात वाचतो आणि निकाल सुचवतो. या माणसाबद्दल त्याने सुचवलं होतं की गारगोटीच्या कारखान्यात शिरण्याच्या कितीतरी आधीपासून याला दमा होता, म्हणजे श्वासाचं दुखणं जुनंच, कामाशी संबंध नाही. पुढे मेडिकल बोर्ड बसणार होतं, पण बोर्डासमोर हीच ओळ जाणार होती. मला फक्त औषधांची नावं बरोबर लागली आहेत का ते पाहून होकार द्यायचा होता. बरोबर लागली होती. दम्याचीच औषधं होती, वर्षानुवर्षं घेतलेली. पावसाळ्यात थोडी, थंडीत जास्त, दिवाळीला हमखास, एप्रिलच्या मध्यावर तर ढीग, आणि मे महिना दरवर्षी कोरा. मला हसू आलं. काय शहाणा दमा आहे, म्हटलं, उन्हाळ्याची सुट्टी घेतो. आणि हसता हसता माझा हात माझ्याच छातीवर गेला.

चौदा एप्रिलला गोलनाक्यावरून मिरवणूक निघायची, टँकबंडच्या पुतळ्यापर्यंत. ढोल, निळा गुलाल, फटाक्यांचा धूर, पायांखालून उठलेली धूळ. तू घरात बस म्हटलं की मी आकांत मांडायची, आणि मग सूर्यभानमामा मला खांद्यावर घ्यायचा. धूळ खालीच राहते, वरती हवा साफ असते, अशी त्याची ठाम समजूत होती. मी वरून जयजयकार करायची, मामाचे केस धरून. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून माझ्या छातीत शिट्ट्या सुरू, आणि आईच्या तोंडाचा पट्टाही सुरू, मामावर. मग शाळेला सुट्टी लागली की आम्ही देगलूरकडे गावी जायचो, आणि तिथल्या कोरड्या उन्हात माझी छाती अशी काही ठणठणीत व्हायची की आजी म्हणायची, हैदराबादेत पोरीला खायला घालत नाहीत वाटतं. मी पडद्यावरचा दवाखान्याचा भाग पाहिला. गोलनाका. जन्माचं साल पाहिलं. मामाचंच. आणि मग खाली खाली जात शेवटची दम्याची नोंद पाहिली, तर मी बारावीत असतानाच्या उन्हाळ्यात ती एकदम थांबलेली. त्या वर्षी माझे पप्पा गवंडीकाम सोडून एका बँकेत वॉचमन लागले आणि आमच्या घरात आमचं स्वतःचं विम्याचं कार्ड आलं. तोवर कार्ड होतं ते मामाकडे. मामा तेव्हा पंख्यांच्या कारखान्यात पर्मनंट होता, गारगोटीचा कारखाना नंतरचा. योजनेत बायको बसते, पोरं बसतात, म्हातारे आईबाप बसतात, बहिणीची पोर बसत नाही. मग माझ्यासाठी मामालाच दमा होणं भाग होतं. आमच्या गल्लीत यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ज्याच्या घरी कार्ड, त्याच्या घरी दवाखाना.

मी घाबरायला हवं होतं. ओळखीच्या माणसाची फाइल पाहणं नियमात बसत नाही, आणि इथे तर फाइलीतला आजार माझाच होता. पण भीती नंतर आली. आधी जे आलं त्याला काय म्हणावं मला ठरवता येत नाही. विहारात वंदना संपल्यावर सगळे थोडा वेळ गप्प बसतात, कुणी खोकतसुद्धा नाही, तेव्हा वाटतं तसं काहीतरी. माझं आख्खं लहानपण तिथे पडद्यावर होतं, एका पुरुषाच्या अंगात. माझी दिवाळी होती. वर्गाला चुना लावला होता तो आठवडा होता. शेजारच्यांच्या लग्नात मंडपामागे भट्टीच्या धुरात मी लपाछपी खेळले होते, ते लग्नही होतं. माझ्या अल्बममध्ये त्या वर्षांचे मोजून तीन फोटो आहेत, तिन्हीत मी रडतेय. आणि इथे एका सरकारी रकान्यात माझा एकेक श्वास कुणीतरी मांडून ठेवला होता, आणि तो कुणाचा आहे हे जगात दोघातिघांनाच माहीत होतं. मला उठून खिडकीशी जावंसं वाटलं. गेले. खाली रस्त्यावर एक ऑटोवाला दुसऱ्या ऑटोवाल्याशी भांडत होता, आणि त्या दोघांचा श्वास किती सहज चालला होता.

मामा माझा श्वास शिकला होता. हे मी शब्दशः म्हणते. पहाटे मला दम लागला की आई मला मांडीवर उभी धरायची आणि मामा मागे बसून माझ्या पाठीला कान लावायचा. त्याची दाढी टोचायची. बराच वेळ तो तसाच ऐकत राहायचा, मग भिंतीकडे तोंड करून स्वतः तसा श्वास काढून बघायचा. आत घेताना थोडा, सोडताना लांब, आणि शेवटाला बारीक शिट्टी. आई म्हणायची, "काय करायलास रे दादा?" मामा म्हणायचा, "गप गं सखू, ध्यानात ठेवायलोय." मग सकाळी मला कडेवर घेऊन तो दवाखान्यात जायचा. तिथे डॉक्टरीणबाई होत्या, तेलुगू, नाकावर घसरलेला चष्मा आणि सगळ्यांशी दखनीत बोलणं. त्या म्हणायच्या, "क्या सूर्यभान, फिर सांस फूली?" मामा लगेच खांदे वर घेऊन, मान पुढे काढून माझा श्वास घ्यायचा. माझा खरा श्वास शेजारच्या बाकावर चालूच असायचा. एका खोलीत दोन शिट्ट्या वाजायच्या, एक अस्सल आणि एक मामाची, आणि मामाची जरा जास्तच जोरात. बाई शांतपणे त्याला तपासायच्या, लिहायच्या. खिडकीतून कंपाउंडर कागदाच्या पुड्या द्यायचा. बाहेर आल्यावर मामा एक पुडी उघडून बघायचा आणि कंपाउंडरच्या नावाने बोटं मोडायचा, कारण पुडीत गोळी अर्धीच असायची. "चोर हाय सुक्काळीचा. अर्धी मारतंय, अर्धी देतंय." माझं सगळं लहानपण मी या समजुतीत काढलं की सरकारी गोळीचा अर्धा भाग कंपाउंडरच्या घरी जातो.

मी खिडकीपासून परत आले आणि मूळ कागदाचा फोटो उघडला. हे सहसा कुणी करत नाही. आमच्याकडे येणाऱ्या माहितीत औषधाचं नाव असतं, तारीख असते, पण ताकदीचा रकाना नसतो. गोळी किती मिलिग्रॅमची, अर्धी की पूर्ण, हे हाताने लिहिलेलं वाचता येत नाही, वाचलं तर भरवशाचं नसतं, म्हणून तो रकाना घाण समजून आधीच काढून टाकलेला असतो. प्रोग्रामही नाव वाचतो, ताकद वाचत नाही. फोटोत नावाच्या जागी काळी पट्टी होती, तिच्याखाली डॉक्टरीणबाईंचं बारीक तिरकं अक्षर होतं, आणि गोळीच्या नावापुढे त्यांनी अर्धा असा आकडा काढला होता. तीही लहानातली लहान गोळी, तिची अर्धी. मी पुढचा कागद उघडला. अर्धी. पुढचा. अर्धी. तिशीला टेकलेल्या, कारखान्यात पंख्यांच्या पेट्या उचलणाऱ्या गड्याला बाई पाच वर्षांच्या पोरीचा डोस देत होत्या. दोन वर्षांनी ती गोळी पूर्ण झाली. पुढे मी पाचवीत असेन तेव्हा एकाची दीड झाली. मी आठवीत गेले, एका वर्षात माझे सगळे फ्रॉक आखूड झाले, त्या वर्षी दोन. मी कागदामागून कागद उघडत गेले आणि माझ्या डोळ्यांसमोर एक बाप्या माणूस हळूहळू मोठा होत गेला, जशी एखादी मुलगी मोठी होते तसा. बाईंना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तेव्हाच मला आठवलं की मामाला तपासून झालं की त्या मला जवळ ओढायच्या, म्हणायच्या, "चल, तू भी खेल ले," आणि ती गार चकती माझ्या पाठीवर ठेवायच्या. सगळ्या डॉक्टरीणबाया लेकरांशी असं खेळतात, असं मला वाटायचं. त्यांनी ना कधी मामाला खोटं पाडलं, ना कधी मला खरं विचारलं. मामा ऐकवत राहिला, त्या ऐकत राहिल्या, आणि औषध बरोबर त्या पोरीच्या मापाचं निघत राहिलं. मी ऑफिसात रडत नाही. पण त्या दिवशी मला डोळ्यांत काहीतरी गेल्याचं सांगावं लागलं.

सांगावं लागलं ते मंदारला. मंदार आमचा टीम हेड, पुण्याचा, माझ्याहून लहान, आणि माझी मराठी ऐकून त्याला अजून गुदगुल्या होतात. मी हौ म्हटलं की तो दोन मिनिटं आनंदात असतो. मी त्याला सगळं सांगितलं आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "रेणुका मॅडम, तुम्हाला हा माणूस ओळखू आला म्हणजे आपण जे झाकतो ते झाकलंच जात नाही."

"नाव झाकलंय ना," मी म्हटलं. "मे महिना कसा झाकणार?"

तो बराच वेळ त्या फोटोंकडे पाहत राहिला. अर्ध्या गोळीवरून पूर्ण गोळीवर आला, तिथून पुढे, आणि मग हलकेच म्हणाला, "बाप रे." हे त्याचं बाप रे मला फार आवडलं. फाइल त्याने माझ्याकडून काढून घेतली, ते बरोबरच होतं. "तुम्ही म्हणालात तर मी काही ऐकलंच नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, नको, ऐकलंय ते लिही. त्याने बोर्डासाठी शेरा लिहिला की डोस प्रौढ माणसाचा दिसत नाही, मूळ कागद ताकदीसकट बोर्डापुढे ठेवावेत. "पण हा डोस कुणाचा होता, हे तिथे कुणीतरी सांगावं लागेल," तो म्हणाला. ते मलाही कळत होतं. आणि मामा ते सांगेल असं मला खात्रीने वाटत होतं, कारण आपला जीव वाचवायला माणूस खरं बोलायला तयार होतो, अशी माझी समजूत होती.

रविवारी बरकतपुऱ्याच्या माझ्या घरून चालतच गोलनाक्याला गेले. मामा खाटेच्या काठावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे झुकून. तो आता असाच बसतो. आडवं झालं की श्वास पुरत नाही. कारखान्यातून तो यायचा तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या, मामी म्हणायची पिठाच्या गिरणीत जायला लागलेत, आणि आम्ही हसायचो. गारगोटी. लहानपणी दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणगी पाडायला त्यानेच मला शिकवलं होतं. मी त्याला जय भीम केला आणि विचारलं, "मामा, बोर्डात काय सांगणार?"

"सांगून झालंय की," मामा म्हणाला. दोन शब्द, मग थांबणं, मग पुढचे दोन. "त्या क्लार्कनं इचारलं. आधीपासून दमा होता का? म्हणलो, हौ. होता."

"तुला कुठं होता? मला होता."

"कागदावर कुणाला होता?"

चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, चतुरामामीने भाकरी थापता थापता हात थांबवले. "सांग की गं रेणू. मी सांगून थकले. जीव चाललाय ह्यांचा, आन इमान धरून बसलेत."

"इमानच हाय ते," मामा म्हणाला. "त्या बाईनं माझ्यावर भरोसा केला. येवढी शिकल्याली बाई. मी श्वास काढून दावायचो, ती म्हणायची, हौ सूर्यभान, बहुत तकलीफ है. आता मी म्हणू की नाटक केलो? तिचं नाव खराब करू? आन तू त्याच कागदाचं काम करतीस. उद्या तुला इचारले तर?" बोलणं लांबलं म्हणून तो थांबला. त्याच्या गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता, सुटत होता. "एकदा म्हणलो ना मला दमा. आता नाई कसा म्हणू?"

मामीने मला ते सांगितलं जे मामाने सांगितलं नसतं. त्या कारखान्यातले आणखी चौघं खोकतायत, आणि मामाच्या फाइलीचं काय होतं ते बघून ते अर्ज करणार आहेत. मामा हरला की ते अर्ज करणारच नाहीत. मला मामाचा राग आला. खरंच आला. आणि रागाच्या आतून पुन्हा तेच वाटलं, विहारातलं. हा माणूस इतक्या वर्षांनीसुद्धा माझा दमा सोडायला तयार नव्हता. मग मी त्याला अर्ध्या गोळीचं सांगितलं. बाईंनी कागदावर काय लिहिलं होतं, ते वर्षावर्षाने कसं वाढत गेलं, माझ्या वयाबरोबर, माझ्या उंचीबरोबर. मामा ऐकत राहिला. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"अर्धी... बाईनंच लिवली?"

"बाईनंच."

"म्हंजे तो कंपाउंडर चोर नव्हता?"

"नव्हता."

"आन बाईला ठावं होतं? सगळं?" त्याचे डोळे मोठे झाले. "आन मी येड्यावानी छाती फुगवायलो तिच्याम्होरं!" आणि मामा हसायला लागला. हसायला जेवढा श्वास लागतो तेवढा त्याच्याकडे नव्हता, म्हणून आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी. मामी धावली, मी पाठ चोळली. हाताला बरगड्या लागत होत्या. थोड्या वेळाने तो शांत झाला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "किती मोठी बाई होती गं." मामीची भाकरी करपली, आणि तिला त्याचंही भान राहिलं नाही.

बोर्ड सुलतान बाजाराच्या पलीकडे एका जुन्या इमारतीत बसायचं. मी रजा टाकली होती. ऑटो गर्दीत अडकली तशी मामा म्हणाला, उतरू, चालत जाऊ, आणि मी नको म्हणायच्या आत उतरला. चार पावलं टाकून तो एका साड्यांच्या दुकानासमोर थांबला आणि पुतळीच्या अंगावरची जांभळी साडी मन लावून बघू लागला. पुढे बांगड्यांच्या दुकानासमोर थांबला. मग पुस्तकांच्या. मला ओळखीचं हसू आलं. जूनमध्ये जुनी पुस्तकं घ्यायला तो मला इथेच आणायचा, आणि मला दम लागला की म्हणायचा, थांबायचं असलं की दुकान बघावं, लोकांला वाटतंय गिऱ्हाईक हाय. आमच्यासारखं प्रत्येक दुकान बघणारं आणि काहीच न घेणारं गिऱ्हाईक सुलतान बाजाराने दुसरं पाहिलं नसेल. आज मीही त्याच्या शेजारी उभी राहून साड्या बघितल्या, बांगड्या बघितल्या, एका जागी तर कुकरच्या शिट्ट्याही बघितल्या. बाजारात कपड्यांची खळ, अत्तर, भज्यांचा धूर, पाण्याचा सडा मारलेली धूळ, सगळं एकात एक. त्यात इमारतीचा जिना. वर पोचेपर्यंत माझ्याच छातीत शेवटाला बारीक वाजायला लागलं होतं. मी मामाला ते कळू दिलं नाही. दम्याचा पंप पर्समध्ये होता, नंतर घेईन म्हटलं.

टेबलामागे तिघं डॉक्टर होते. मधले वयस्कर, पांढरी दाढी, त्यांच्या समोर मंदारने पाठवलेले कागद. एका बाजूला क्लार्क लिहायला बसला होता. मामाचे एक्स-रे त्यांनी उजेडात धरून पाहिले आणि खाली ठेवले. मग विचारलं, "चाचा, दमा कब से है?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हौ म्हणतो. त्याचे ओठ तसे झालेही होते. "साब," तो म्हणाला, "दमा मेरेकू नै था. मैं नाटक करता था."

"किसका नाटक?"

"इसका." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. मग त्याला वाटलं असावं की नुसतं सांगून पटणार नाही. खुर्चीतच त्याने खांदे वर घेतले, मान पुढे काढली, तीच, गोलनाक्याच्या दवाखान्यातली, आणि माझा श्वास घेतला. आत थोडा, सोडताना लांब. पण शेवटाला शिट्टी आली नाही. कोरडं काहीतरी घासल्यासारखं झालं आणि विझलं. त्याने पुन्हा करून पाहिलं. शिट्टी वाजायला जेवढी हवा लागते तेवढी त्याच्या छातीत आता मावतच नव्हती. मामा ओशाळला. पोराला शाळेत पाठ केलेलं ऐनवेळी आठवू नये तसं त्याचं तोंड झालं. मला ते बघवलं नाही.

डावीकडचा तरुण डॉक्टर म्हणाला, "सर, ये तो कार्ड का गलत इस्तेमाल हुआ ना." मधल्या डॉक्टरांनी मान वर केली नाही. ते कागद उलटत होते, एकेक, मी उलटले होते तसेच. अर्ध्या गोळीवर त्यांचं बोट थांबलं. पूर्ण गोळीवर थांबलं. मग तिथून वर्षं पालटत ते शेवटपर्यंत गेले, आणि पुन्हा पहिल्या कागदावर आले. "वो दूसरा टेबल है," ते हळूच म्हणाले. "मुझसे फेफडे पूछे हैं." मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "इधर आओ, बेटा. बैठो."

मी मामाच्या शेजारच्या खुर्चीत पाठ करून बसले. चकती गार होती. पाठीवर टेकताच मी पाच वर्षांची झाले, असं लिहिलं तर खोटं होईल. मी चौतीस वर्षांचीच होते, घामेजलेली, रजा टाकून आलेली, आणि माझ्या छातीत सुलतान बाजाराचा धुरळा वाजत होता. ते ऐकत राहिले. एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, खाली. खोलीत पंख्याची घरघर सोडता काही आवाज नव्हता. त्यांनी कानातून नळ्या न काढताच क्लार्कला सांगितलं, "लिखो. पुराना दमा इनका नहीं, भांजी का. इनकी बीमारी काम से है." क्लार्कचं पेन चालायला लागलं. मामाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तो माझ्या पाठीवरच्या त्या हाताकडे बघत होता, मान थोडी कलती करून, पूर्वी कान लावायचा तशी.

"एक बार और," डॉक्टर मला म्हणाले. "लंबी सांस लो."

मी घेतला. आणि माझ्या शेजारी मामानेही घेतला, सवयीने. त्याचा अर्ध्यावर अडला. माझा चालू राहिला.